तिसऱ्या कमानीखालचा डाग

गाडीच्या सीटवर काहीही सांडू द्या, मास्तर काढून देतो, अशी माझी ख्याती सक्करदऱ्यापासून पार बुटीबोरीच्या कारखान्यांच्या बसगाड्यांपर्यंत होती. मी गाड्यांच्या सीटा आणि टप शिवणारा माणूस. आमच्या नागपुरात याला कुशनवाला म्हणतात. गाडीत लेकरू ओकलं की लोक डॉक्टरच्या आधी मला फोन करत. एकदा ऐन मे महिन्यात लग्नाच्या गाडीत संत्रा बर्फीचा अख्खा डबा वितळून सीटच्या शिवणीशिवणीत गेला. गाडी नवरदेवाच्या मामानं आपल्या साहेबाकडून मागून आणलेली. मामा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला. "मास्तर, नोकरी गेली माही." मी म्हटलं, "आधी हे सांगा, बर्फी कोण्या दुकानची होती?" संध्याकाळी गाडी परत गेली, साहेबाला पत्ताही लागला नाही.

ही फुशारकी आहे, मान्य. पण ती सांगितल्याशिवाय पुढे मी काय करून बसलो ते कळायचं नाही. तेल, शाई, रक्त, ग्रीस, पान, तंबाखूचा खर्रा, प्रत्येकाचं औषध मला तोंडपाठ. दुसरी ख्याती अशी की गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. डाग निघेल तर निघेल, कापड जाणार असेल तर जाईल, जे असेल ते तोंडावर. एकच डाग मी "निघत नाही" म्हणून परत पाठवला. हात थरथरायला लागल्यावर दुकान जावयाकडे दिलं, आणि आता बसल्या बसल्या तोच डाग आठवत राहतो. या अंकाचे संपादक म्हणाले, बोलता तसंच लिहा. बोलतो तसं लिहिलं तर छापणारा पळून जाईल, म्हणून जरासं पुस्तकी करून लिहून राहिलो.

टप म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. आताच्या गाडीला पत्र्याचं छत, दार लावलं की डबा बंद. मोटारी नव्या नव्या होत्या तेव्हा बऱ्याच गाड्या वरून उघड्या असत. मागच्या सीटच्या पाठीशी वाकवलेल्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या, आणि त्यांच्यावर जाड दुपदरी कापड, दोन पदरांच्या मधे रबराचा थर. हवा खायची तर टप घडी करून मागे पाडायचा. ऊन लागलं की दोघांनी दोन बाजूंनी उचलून पुढे ओढायचा आणि समोरच्या काचेच्या चौकटीला पट्ट्यांनी आवळायचा. नवा टप मापापेक्षा बोटभर कमी कापावा लागतो आणि भर दुपारीच चढवावा लागतो. ऊन कापडाला मऊ करतं, मग ते ताणून बसतं. सकाळी थंडाव्यात चढवलेला टप दुपारी म्हाताऱ्याच्या गालासारखा लोंबतो. नागपूरचं ऊन आमच्या धंद्यात बिनपगारी नोकर होतं.

आणि माप कुठून आणायचं? जुन्या टपावरून. तो उसवायचा, धुवायचा, फरशीवर पसरून कडेनं दगड ठेवायचे. वाळला की त्यावरून नव्या कापडावर खडूनं खाका मारायचा. मग जुन्या कापडाच्या चिंध्या. फक्त हातभर तुकडा मी नमुना म्हणून खुंटीला अडकवून ठेवायचो, विणीशी वीण जुळवायला. नमुना नेहमी चांगल्या, स्वच्छ जागेचा कापायचा, हा माझा नियम.

अशा जुन्या उघड्या मोटारी माझ्या हाती आयुष्यात तीनच आल्या, एरवी टप जीपचे नाहीतर ऑटोचे. तिसरी कन्हान नदीकाठच्या खाप्याची.

गाडीचे मालक विलासराव. सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आमच्याच भागात राहणारे. त्यांचे आजोबा खाप्याचे मालगुजार, आणि गाडी आजोबांनी घेतलेली. विलायती, लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, रबरी फुग्याचा भोंगा. आजोबा गेल्यावर ती कोठ्यात कापसाच्या गंजीमागे उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. इंजिन एका दुसऱ्या मिस्त्रीनं चालू करून दिलं. त्याचं कौतुक फार झालं, कारण इंजिन आवाज करतं. सीट बिचारी गप्प असते.

"मास्तर, माझा मुलगा ही जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेणार आहे," विलासराव म्हणाले. "तिथले परीक्षक भिंग घेऊन पाहतात म्हणे. एक डाग नको."

"डाग? कोणापाशी बोलून राहिले जी तुम्ही?"

टप उसवला. बाहेरून विटलेला, आतून धुळीनं काळा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासायला लागलो, तर आतल्या बाजूला, मागच्या सीटच्या डोक्यावर येते त्या तिसऱ्या कमानीपाशी, लाल-तांबडे डाग वर आले. सात-आठ असतील. आधी ते दिसतही नव्हते. बोटांसारखे फराटे, तळव्यासारखे ठिपके. मी लगेच निकाल दिला की कोण्या ड्रायव्हरनं पान खाऊन, कात चोळून हात पुसले. "अबे, टप म्हणजे तुया बापाचा रुमाल हाय काय?" असं मी त्या न पाहिलेल्या ड्रायव्हरला मोठ्यानं म्हणालोसुद्धा. एक डाग तर महाहट्टी. त्याला सहा-सात बोटं होती आणि अंगठ्याचा फराटा वीतभर मागे ओढलेला. मला वाटलं, लेकाच्यानं एकाच जागी दोनदा हात पुसला. तो मी दोनदा घासला.

आता तुम्ही विचाराल, कापड फेकायचंच होतं तर घासलं काहून? डाग दिसला की माझा हात थांबत नसे.

खाका काढून झाल्यावर चिंध्या केल्या. त्याच चिंध्यांनी मी गाडीचे पितळी दिवे चमकवले, चाकांचे लाकडी आरे पुसले. काळ्या झाल्या तशा कचऱ्याच्या गाडीत गेल्या. नमुन्याला एक स्वच्छ तुकडा खुंटीवर.

नवा टप ज्या दुपारी चढवला, त्या दुपारी विलासराव आपल्या आत्याला घेऊन आले. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, पुण्याला मुलाकडे राहणारी. माहेरची गाडी पुन्हा उभी राहिली हे ऐकून हट्टानं नागपूरला आलेली. इतकी वर्षं पुण्यात काढूनही बोलणं पक्कं खाप्याचं. पायदानावर पाय देऊन, माझ्या खांद्याला धरून त्या चढल्या आणि मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसल्या. सीटवरून हात फिरवला नाही, दिवे पाहिले नाहीत. मला जरा रागच आला.

"टप वर घ्या गा," त्या म्हणाल्या.

मी आणि विलासरावांनी टप ओढला. आतमध्ये सावली झाली. आत्याबाईंनी मान वर करून पाहिलं, मग हात वर केला आणि तिसऱ्या कमानीपाशी कापड चाचपायला लागल्या. पुढे चाचपलं, मागे चाचपलं.

"भाऊ, जुनं कापड कुठं हाय?"

"ते गेलं जी. सडून गेलं होतं. हे पाहा ना, हे कसं चोख..."

"त्याच्यावर हात होते," त्या म्हणाल्या.

विलासरावांना वाटलं, म्हातारीला उन्हाचा त्रास होतोय. ते पाणी आणायला निघाले, तर आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. "तुले काय मालूम हाय, सांग बरं, या टपाचं?"

"आजोबांचा नेम होता ना," विलासराव म्हणाले. "घरची मुलगी सासरी निघाली की नदीपर्यंत टप खाली आणि नदीला गाडी लागली की टप वर."

"हाव. पण तुमी माणसं समोर बसत. मांगं काय होये, ते तुमाले कोण सांगन?"

मग त्यांनी सांगितलं. खाप्याच्या त्या घरच्या बहुतेक लेकी तेव्हा कन्हान नदीच्या पलीकडच्या गावांत दिलेल्या. उन्हाळ्यात नदी आटलेली, गाडी रेतीतून पार जायची. गाव पाहत असतं तोवर पोरीनं ताठ बसायचं, रडायचं नाही, म्हणून टप खाली. नदी आली की टप वर, मग आत कोणी पाहत नाही, रड माय किती रडायचं ते. आत फक्त नवरी आणि तिची पाठराखीण. पाठराखीण नवरीच्या तळहाताला ओली हळद लावायची आणि नवरी हात वर करून टपाला टेकवायची.

"सासरच्या भिंतीवर तं पोरगी हात उमटवतेच," आत्याबाई म्हणाल्या. "हा हात गाडीसंगं माहेरी परत जाये. पोरगी तिकडे राहिली तरी तिचा हात घरी."

त्यांच्या मोठ्या बहिणीचं, इंदूताईचं लग्न झालं तेव्हा पाठराखीण म्हणून या दहा वर्षांच्या पोरीला पाठवलं होतं. रेतीत गाडी उसळली आणि ताईचा अंगठा टपावर फरपटला. ताई रडता रडता हसली. वर्षभरात ती बाळंतपणात गेली. त्या घरात तेव्हा पोरींचे फोटो काढत नसत.

"चार-पाच वर्षानं मी गेली. टप वर झाला, मी पाह्यलं, ताईचा हात तिथंच होता. मंग मी माहा हात तिच्या हातावरच ठेवला. बाजूले नाही ठेवला." त्यांनी कापडावरून हात खाली घेतला. "तिचं तेवढंच होतं, भाऊ. तेच पाहाले आली मी."

मी म्हणालो, आणि आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते, "आत्याबाई, तिथं हळद नव्हती जी. लाल डाग होते, पानाचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सोडा लावला होता काय?"

"हाव."

"मंग हळद लालच होईन ना, भाऊ."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं आणि पदर सावरून उतरल्या. मी चाळीस वर्षं डागांच्या धंद्यात घालवलेला माणूस, आणि लग्नाच्या घरात कपडे धुणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असलेली गोष्ट मला आठवली नाही. गाड्यांवर हळद सांडते कुठे? पान सांडतं, म्हणून मला पान दिसलं. घरी येऊन बायकोला, शकुंतलेला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "एक फडकं घरी आणून मले दाखवलं असतं तं मी सांगतलं असतं. तुमी कायले विचारान?" खरं होतं. चाळीस वर्षांत मी तिला धंद्यातलं काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विलासरावांचा फोन. "मास्तर, आत्या कालपासून जेवली नाही. तुमच्या खुंटीला त्याच कापडाचा नमुना पाहिला होता मी. त्यावर हळदीचा एक हात उमटवून द्या. तुम्हाला काय कठीण आहे? म्हातारीचं समाधान होईल."

कठीण काहीच नव्हतं. मी नमुना खुंटीवरून काढून घरी आणला. वाटीत हळद कालवली. जुनाट कसं दाखवायचं, तेही मला येत होतं. चहाच्या पाण्याचा हात दिला की कापड पन्नास वर्षं मागे जातं. पण माझा पंजा म्हणजे फावडं. मी शकुंतलेला म्हटलं, तुझा हात दे.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मेलेल्या पोरीच्या जागी माहा हात लावू? काहून? अजून किती पुसान तुमी तिले?"

मी वाटी मोरीत ओतली आणि तो कोरा तुकडा घेऊन विलासरावांच्या घरी गेलो.

आत्याबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे त्याच टपाचं आहे जी. पण कोरं आहे. डागाची जागा मी कधी ठेवत नाही." त्यांनी तुकडा नुसता धरून ठेवला. मला उठून जाता आलं असतं. पण आतून काहीतरी टोचत होतं, ते बोलूनच टाकलं. "आत्याबाई, तो अंगठ्याचा फराटा मी पाहिला. वीतभर होता. मीच घासला."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या वयात इतका जोर कुठून आला कोण जाणे. "पाह्यला? कसा होता? सांगा, कसा होता?"

मी सांगायला लागलो. कोऱ्या तुकड्यावर बोटानं काढून दाखवलं. इथे तळवा, लहानसा. त्यावर दुसरा तळवा, जरा तिरका. म्हणून बोटं सहा-सात दिसत होती. अंगठा डावीकडे, मागे ओढलेला. आणि खालच्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वळलेली.

"करंगळी!" आत्याबाई जवळजवळ ओरडल्याच. "वाकडीच होती तिची! विहिरीच्या रहाटात सापडली होती लहानपणी. मायबाई, मी भुलूनच गेली होती हे." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे गळायला लागले. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा एकदा. दारात उभे असलेले विलासराव आत आले आणि खाली बसून ऐकू लागले. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "तिले पाहणारे शेवटचे तुमीच हो, भाऊ." दुकानात मी कधी कोणापुढे रडलो नाही. त्या दिवशी परक्या घरात, खुर्चीवर बसून, पोरासारखा रडलो.

त्या रविवारी आम्ही गाडी खाप्याला नेली. आत्याबाईंची तेवढीच मागणी होती. विलासराव चालवायला, मी त्यांच्या शेजारी, मागे आत्याबाई एकट्या. टप खाली. गावातून भोंगा वाजवत निघालो तर पोरं मोबाइल घेऊन धावायला लागली. आत्याबाई ताठ बसल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून हात जोडले, त्यांनीही जोडले. डोळ्यांत टिपूस नाही.

नदीवर आता पूल आहे. पुलाच्या अलीकडे विलासरावांनी गाडी थांबवली. आम्ही दोघांनी उतरून टप वर घेतला, पट्टे आवळले आणि पुढे येऊन बसलो. मी मागे वळून पाहणार नव्हतो. गाडी हळूहळू पुलावर चढली. मागे डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"भाऊ, अंगठा कोणीकडे होता?"

"डावीकडे, जी. मागच्या अंगाला," मी समोर पाहत म्हणालो.

मग आत्याबाई रडायला लागल्या. पूल संपेपर्यंत, आणि संपल्यावरही. विलासराव गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. मागून मोटारसायकलवाले भोंगे वाजवून राहिले होते. आम्ही कोणालाच वाट दिली नाही.

आत्याबाई पुण्याला परत गेल्या. पंधरा दिवसांनी विलासरावांचा मुलगा, जो बंगलोरहून खास प्रदर्शनासाठी आला होता, गाडी घेऊन दुकानात आला. चांगला पोरगा, पण घाईत. "मास्तरकाका, टपाला आतून पिवळा डाग पडलाय. बाबांना विचारलं तर म्हणाले, मास्तरांना विचार. गुण कापतील हो. काढून द्या ना."

मी मागच्या सीटवर चढलो. तिसऱ्या कमानीखाली, डाव्या बाजूला, एक लहान सुरकुतलेला तळवा होता. पाच बोटं. करंगळी मुद्दाम आत वळवलेली. आणि अंगठ्याचा फराटा वीतभर, मागे ओढलेला. मी सांगितला होता तसाच. पोरानं बाहेरून दोनदा हाक मारली.

फळीवर साबण होता, सोडा होता, सगळी औषधं ओळीनं लावलेली होती. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "हा निघत नाही."

"तुमच्याकडून? बाबा तर म्हणतात, तुम्ही काहीही काढता."

"सगळं करून पाहिलं. नाही निघत. आणि साबण-सोडा लावू नको, कापड लाल होऊन जाईल. टप उन्हात उघडा ठेवू नको. काम झालं की घडी करून सावलीत ठेवत जा."

पोरगा हिरमुसून गेला. हळदीचा डाग नुसत्या उन्हानं उडतो. नागपूरच्या उन्हात दोन दिवस टप उघडा ठेवला असता तर कापड कोरं झालं असतं.